अभ्यासपाठ : शाळेतील उत्क्रांतीचा धडा आणि उपदेशकाचे उत्तर

वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय १ व २, ईयोब, अध्याय ३८

निघोजे हे गाव खेड तालुक्यात, इंद्रायणीच्या उत्तरेस आहे. जेथे पूर्वी शेते होती तेथे आज मोटारगाड्यांचे मोठाले कारखाने उभे आहेत, आणि त्यांच्या आधाराने विदर्भ, मराठवाडा व नगर जिल्हा येथून आलेली पुष्कळ कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशाच एका खोलीत घरगुती प्रार्थना आटोपल्यावर दहावीत शिकणाऱ्या मुलीने आपले विज्ञानाचे पुस्तक पुढे केले आणि उपदेशकांस विचारले, "काका, हा धडा खरा मानायचा का?" धडा आनुवंशिकता व उत्क्रांती ह्यांविषयी होता. उपदेशकांनी थोडा विचार करून सांगितले, "परीक्षेत लिही, मनात धरू नको." आम्ही तेथे बसलो होतो आणि गप्प राहिलो. गप्प राहण्याचे कारण असे की, पूर्वी आम्हीही काही मुलांना हेच उत्तर दिले होते.

हे उत्तर वाईट आहे, असे आता आम्हांस वाटते. ज्या मुलीला आम्ही शब्बाथ शाळेत खोट्या साक्षीविषयीची आज्ञा पाठ करावयास लावतो, तिलाच आम्ही गुणांसाठी जे खरे मानीत नाही ते लिहावयास सांगतो. दोन जिभा बाळगण्याची ही सवय एकदा लागली म्हणजे ती विज्ञानाच्या वहीपुरती राहत नाही. आज ती शिक्षकांसमोर एक व उपदेशकांसमोर दुसरे बोलते; उद्या विश्वासांगीकाराच्या वेळीही तसेच का बोलणार नाही? म्हणून उपदेशक बंधूंनी प्रथम तो धडा स्वतः वाचावा. आमच्यापैकी पुष्कळांनी तो न वाचताच त्याविरुद्ध भाषणे केली आहेत.

त्या धड्यात माकडापासून माणूस झाला असे लिहिले आहे, अशी गावोगावी समजूत आहे. ती चुकीची आहे. ह्या ठिकाणी भावकीचा दाखला उपयोगी पडेल. एका गावात एकाच आडनावाची दोन घरे असतात. एकाचा वाडा वरच्या आळीस, दुसऱ्याचा वेशीपाशी. वेशीपाशी राहणारा वरच्या आळीतल्याचा नातू नव्हे, आणि वरच्या आळीतला ह्याचाही नातू नव्हे. दोघांचा मूळ पुरुष एक, आणि तो आज हयात नाही. माणूस व आजची वानरे ह्यांचे नाते विज्ञान अशा प्रकारचे सांगते. पिढ्यान्‌पिढ्या संततीत लहान लहान फरक पडतात; परिस्थितीस अनुकूल फरक असलेले अधिक जगतात व वाढतात; आणि अपार काळाने एका मुळाच्या दोन शाखा इतक्या दूर जातात की नाते ओळखू येत नाही. चार्ल्स डार्विन ह्यांनी १८५९ साली आपल्या ग्रंथात हे प्रतिपादन केले.

पण हे कोणी पाहिले? असा प्रश्न जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे एका वैदिक संमेलनाच्या प्रसंगी त्या वेळचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह ह्यांनी केला. वानराचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी सांगितले नाही. सबब हे मत शास्त्रदृष्ट्या चुकीचे असून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमातून बदलले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यास विरोध केला, आणि त्या खात्याचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर ह्यांनी आपल्या सहकाऱ्यास अशी विधाने न करण्याविषयी सांगितले. आता भावकीकडे पुन्हा पाहा. तुमचा मूळ पुरुष तुम्ही पाहिला नाही. तरी सातबारा, फेरफार व वंशावळ पाहून न्यायाधीश वाटणीचा निकाल देतोच ना? साक्षीदार नसला तरी पुरावा असू शकतो. हाडे, दगडातील अवशेष आणि प्राण्यांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य ही ह्या प्रकरणातील कागदपत्रे होत.

शिवाय काही बदल डोळ्यांदेखतही घडतात. त्या मुलीचे वडील यवतमाळकडचे; कारखान्यात येण्यापूर्वी कापूस करीत. आम्ही त्यांस गुलाबी बोंडअळीविषयी विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "मास्तर, तिनंच तर आम्हाला इकडं आणलं." बीटी कापसास भारतात २००२ साली परवानगी मिळाली. त्या झाडातील द्रव्य खाऊन अळी मरत असे. परंतु असंख्य अळ्यांत थोड्या अशा निघाल्या की त्यांस ते विष बाधेना. बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या; ह्यांचीच संतती वाढली. अधिक बळकट असे दुसऱ्या प्रकारचे बीटी बियाणे २००६ साली आले. त्याचेही पुढे तेच झाले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यातील कापसाची मोठी हानी झाली.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे साध्या कापसाचे लहान पुडके मिळत असे. ते शेताच्या कडेने पेरावयाचे. हेतू हा की साध्या झाडांवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही जगाव्या, त्यांच्या पतंगांशी निगरगट्ट अळ्यांच्या पतंगांचा संकर व्हावा, आणि निगरगट्टपणा पिढीजात पक्का होऊ नये. पुष्कळ शेतकऱ्यांनी ते पुडके फेकून दिले. मुलीचे वडील म्हणाले, "आम्हीही फेकलं. कशाला दिलंय ते कोणी समजावलंच नाही." समजावणे कठीण नव्हते, त्या दहावीच्या धड्यातच त्याचे मर्म आहे.

अळी तरी अळीच राहिली, असे कोणी म्हणेल. खरे आहे. दहा-पंधरा वर्षांत ह्याहून अधिक काय होणार? येथे प्रश्न काळाचा येतो, आणि आमच्या लोकांची खरी अडचण तीच आहे. पृथ्वी सहा हजार वर्षांपूर्वी झाली, असे पुष्कळांस पवित्र शास्त्रातील वचन वाटते. ते वचन नव्हे. आयर्लंडातील आर्चबिशप जेम्स अशर ह्यांनी सतराव्या शतकात वंशावळींची बेरीज करून ख्रिस्तपूर्व ४००४ हे साल काढले, आणि पुढे इंग्रजी शास्त्राच्या छापील प्रतींत ते समासात घातले गेले. समासातील आकडा लोकांनी मूळ वचनाइतका मानला. उलट उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचावे. पहिल्यात वनस्पती, मग प्राणी, आणि शेवटी स्त्री-पुरुष. दुसऱ्यात आधी पुरुष, मग बाग, मग प्राणी, आणि नंतर स्त्री. ज्याने हे दोन्ही अध्याय एकापुढे एक ठेवले, त्यास तारीखवार कैफियत लिहावयाची होती असे आम्हांस दिसत नाही. सृष्टी कोणाची, हे त्यास सांगावयाचे होते. सृष्टीविषयी जाणत्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी ख्रिस्ती मनुष्याने शास्त्राच्या नावाने खोडू नयेत, नाहीतर शास्त्राचेच हसे होते, असा इशारा ऑगस्तीन ह्यांनी डार्विनच्या चौदाशे वर्षे आधी देऊन ठेवला होता.

आपल्याच मराठी मुलखातील एक उदाहरण सांगतो. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली, सुवार्ता सांगितली, आणि फिरता फिरता दगडही फोडले. नागपूरजवळ टाकळी येथे काळ्या दगडाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांस गोड्या पाण्यातील शंखांचे अवशेष आढळले. ह्याचा अर्थ असा की, ज्वालामुखीचा रस वाहून थिजला, त्यावर तळी झाली, त्यांत जीव जगले व मेले, आणि मग पुन्हा रस वाहिला. ही माहिती त्यांनी लंडनच्या भूविज्ञान संस्थेकडे पाठविली. ती १८५५ साली छापून आली. १८६३ साली टाकळघाटकडील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. दगड वाचल्याने त्यांची सेवा उणी झाली नाही. निघोज्यातील विहिरी ज्या काळ्या कातळात खोदल्या आहेत, तो ह्याच दगडाचा पसारा आहे. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे ठरले आहे.

आता शाळेविषयी. विज्ञानाच्या तासाला उत्पत्तीचे पुस्तकही शिकवावे, असे आमच्यातील काही बंधूंस वाटते. अमेरिकेत ह्यावर पुष्कळ भांडण झाले. १९२५ साली डेटन गावी उत्क्रांती शिकविल्याबद्दल एका शिक्षकास शंभर डॉलर दंड झाला, तो कायदा १९६७ साली रद्द झाला, आणि निर्मितिवाद उत्क्रांतीच्या जोडीने शिकविण्याची सक्ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली अवैध ठरविली. आपल्या देशात तर दुसराच विचार करावा लागतो. औरंगाबादेत हरकत घेतली गेली ती मोशेच्या नावाने नव्हे. वर्गात एका धर्माची निर्मितिकथा आली की दुसऱ्याची येईल, आणि मूठभर ख्रिस्ती मुलांना कोणती पाठ करावी लागेल हे सांगावयास नको. केवळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ नये, हे संविधानाचे अठ्ठाविसावे कलम आमच्या लेकरांची ढाल आहे. आपल्याच हाताने ती मोडण्यात शहाणपण कोणते?

दुसरा धोका गाजावाजा न करता येतो. कोविडच्या साथीनंतर मुलांवरील भार हलका करण्याचे कारण देऊन एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातील 'आनुवंशिकता व उत्क्रांती' ह्या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग काढला व केवळ 'आनुवंशिकता' ठेवले. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व इतर नागरिकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय राहिला, असे उत्तर मिळाले. पण दहावीनंतर आयटीआयला जाणाऱ्या, कला वा वाणिज्य घेणाऱ्या, किंवा शाळाच सुटलेल्या मुलामुलींचे काय? आमच्या मंडळ्यांतील बहुतेक मुले ह्यांतलीच आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ साली निघालेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र तो धडा पहिलाच घातला होता, आणि त्या खोलीत मुलीच्या हाती होते ते हेच पुस्तक.

पुढील आठवड्यात आम्ही उपदेशकांसह पुन्हा त्या घरी गेलो. उपदेशकांनी आपले आधीचे उत्तर मागे घेतले, आणि मुलीला तो धडा मोठ्याने वाचावयास सांगितले. वडील बोंडअळीचे सांगू लागले तेव्हा शेजारच्या खोलीतील दोघे-तिघे कामगारही येऊन बसले. धडा संपल्यावर मुलीने विचारले, "मग आदाम कोण?" ह्याविषयी विद्वान व देवभीरू ख्रिस्ती लोकांत एकमत नाही, हे उपदेशकांनी तिला सरळ सांगितले, आणि पुढच्या प्रार्थनेसाठी रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचून ठेवण्यास सांगितले.