बंद जागेंतील झाडें व त्यांचें वायुरूप अन्न

झाड आपलें सर्व अन्न जमिनींतून घेतें, असा पुष्कळांचा समज असतो. मुळांवाटे पाणी व क्षार मिळतात हें खरें. परंतु वाळलेल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्मा भाग कार्बनाचा असतो, आणि तो पानांनीं हवेंतून मिळविलेला असतो. हवेंतील कार्बन डायॉक्साइड, ज्यास आम्ही या लेखांत कर्बवायु म्हणूं, पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून आंत शिरतो. हरितद्रव्य प्रकाशाच्या बळावर त्याची व पाण्याची साखर बनवितें आणि प्राणवायु बाहेर पडतो. प्रकाशावांचून हें कार्य होत नाहीं, असें इंगेनहाउस यानें १७७९ सालीं दाखविलें. आणि झाडाच्या वाढलेल्या वजनांत कर्बवायूचा व पाण्याचा वांटा किती, याचीं मापें द सोस्यूर यानें १८०४ सालीं प्रसिद्ध केलीं.

आजच्या हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारें ४२५ भाग आहेत. शेत उघडें असल्यामुळें वारा हा सांठा सतत भरून काढितो. परंतु कांचघर, पॉलिहाउस किंवा दिव्यांखालीं रोपें वाढविण्याची खोली बंद असेल, तर पानें तोच वायु घेत राहतात आणि दिवसां त्याचें प्रमाण २०० पर्यंतही उतरूं शकतें. मग पाणी व खत भरपूर असूनही रोपें उपाशी राहतात. म्हणून थंड देशांतील बागाईतदार बंद कांचघरांत हा वायु मुद्दाम सोडून त्याचें प्रमाण ८०० ते १००० पर्यंत नेतात. हॉलंडांत रॉटरडॅमजवळच्या तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांतून निघणारा कर्बवायु २००५ सालापासून नळानें कांचघरांस पुरविला जाऊं लागला. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, गुलाब अशा पिकांस यापासून चांगला लाभ होतो.

हें वाचून कोणा विद्यार्थ्यास घरच्या खोलींत असा प्रयोग करावासा वाटेल. त्यानें प्रथम हिशेब करावा. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद व अडीच मीटर उंच खोलींत २२,५०० लिटर हवा मावते. तींतील प्रमाण ४२५ वरून १००० करण्यास केवळ १३ लिटर, म्हणजे सुमारें २३ ग्रॅम, कर्बवायु पुरतो. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य तासाभरांत जवळजवळ तितकाच वायु उच्छ्वासावाटे सोडतो. तोच वायु खाण्याचा सोडा व व्हिनेगार यांपासून करावयाचा तर सुमारें ४५ ग्रॅम सोडा व शेंकडा ५ चें ६५० मिलिलिटर व्हिनेगार लागेल. परंतु फटींतून खोलींतील हवा दर तासास एकदां बदलत असेल, तर दिवसाच्या आठ तासांस पांच लिटरांवर व्हिनेगार खर्चीं पडेल! याउलट खिडकी उघडून पंख्यानें बाहेरची हवा आंत घेतली, तर २०० वर उतरलेलें प्रमाण जवळजवळ फुकट ४२५ च्या आसपास येतें. म्हणून प्रथम पंखा, मग वायु, हाच शहाणपणाचा क्रम होय. रात्रीं अंधारांत वायु देणें तर निव्वळ व्यर्थ.

ब्लॅकमन या शास्त्रज्ञानें १९०५ सालीं एक तत्त्व मांडिलें: ज्या गोष्टीची सर्वांत अधिक उणीव असते, तीच वाढीचा वेग ठरविते. प्रकाश मंद असेल किंवा मुळांस पाणी नसेल, तर वायु वाढवून फारसें साधत नाहीं. आपल्या जतच्या उन्हाळ्यांत पॉलिहाउस थंड ठेवण्यासाठीं त्याचे झरोके उघडावेच लागतात, आणि मग सोडलेला वायु वाऱ्यावर जातो. कर्बवायु अधिक असतां पानें आपलीं रंध्रें थोडीं मिटून घेतात व पाणी वांचवितात, हा गुण दुष्काळी मुलुखास मोलाचा खरा; पण तोही बंद जागेंतच हातीं लागतो.

शिवाय सर्व पिकांची भूक सारखी नसते. आपल्या शिवारांतील ज्वारी व बाजरी, तसाच मका व ऊस, यांच्या पानांत कर्बवायु आंतल्या आंत एकवटण्याची सोय निसर्गतःच आहे. ऑस्ट्रेलियांत हॅच व स्लॅक या संशोधकांनीं १९६६ सालीं उसाच्या पानांवरून ही रीत उलगडून दाखविली. पाणी पुरेसें असतां अशा पिकांस जादा वायूचा लाभ फार थोडा होतो.

पालकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. कर्बवायु हवेच्या सुमारें दीडपट जड आहे, व त्यास रंग नाहीं. दहा लक्ष भागांत ५,००० ही आठ तास काम करणाऱ्यासाठीं मर्यादा मानितात. ४०,००० झाले म्हणजे जिवासच धोका. ज्वारीचें पेव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, ही आपल्याकडील जुनी शिकवण याच कारणाची आहे: सांठविलेलें धान्य श्वसन करितें, त्यामुळें पेवांतील प्राणवायु कमी होऊन कर्बवायु सांचतो. आधीं कंदील सोडून पाहतात. परंतु ज्योत तेवत राहिली एवढ्यानें हवा निर्धोक ठरत नाहीं. बंद खोलींत कोळसा पेटवून वायु करणें तर कदापि नको. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हें प्राणघातक विष निघतें.

विद्यार्थ्यांनीं निर्भयपणें करावा असा प्रयोग पाण्यांतला आहे. पाणी उकळून निववावें, म्हणजे त्यांत विरलेला वायु निघून जातो. त्यांत हायड्रिला वनस्पतीची ताजी फांदी घालून भांडें उन्हांत ठेवावें व मिनिटांत किती बुडबुडे निघतात तें लिहावें. मग चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवून थोड्या वेळानें पुन्हां मोजावें. बुडबुडे वाढलेले दिसतील. शेवटीं तेंच भांडें सावलींत न्यावें. सोडा तितकाच असूनही बुडबुडे मंदावतील. हे तीन आंकडे वहींत एकाखालीं एक मांडले, म्हणजे ब्लॅकमनचें तत्त्व पाठ करावें लागणार नाहीं. आणि झाड खुरटलें असतां त्यास नेमकें काय कमी पडलें, हें आधीं शोधण्याची संवय लागेल.