प्रेमकथेतील नकार



परीक्षेनंतरचा एक महिना केवळ प्रेमकथा आणि कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचण्यात घालवण्याचा चि. भाचीचा बेत घरातील काही वडीलधाऱ्यांना पसंत पडलेला नाही, आणि त्याऐवजी काही भारदस्त वाचावे असा आग्रह तिला होत आहे. या बाबतीत तिने मनात संकोच बाळगू नये. एखाददुसरे पुस्तक वाचून कोणत्याही वाङ्मयप्रकाराविषयी मत बनवता येत नाही. एकाच घाटाची अनेक पुस्तके लागोपाठ वाचली म्हणजे त्यांतील ठरावीक भाग कोणता आणि लेखकाने स्वतःच्या बळावर घातलेला भाग कोणता हे दिसू लागते, आणि अभिरुची म्हणतात ती अशा तुलनेतूनच घडते. मात्र या वाचनाच्या सोबतीला एखादा प्रश्न असावा, नाहीतर महिनाअखेरीस साऱ्या नायिका एकमेकींत मिसळून जातात. तो प्रश्न कोणता असावा, एवढेच या पत्रात मांडले आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घ्याव्यात. इंग्रजी ग्रंथव्यवहारात ‘रोमान्स’ म्हणून जी कादंबरी ओळखली जाते तिच्यासाठी अमेरिकेतील प्रेमकथालेखकांच्या संघटनेने दोन अटी मानल्या आहेत: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम असावे आणि शेवट समाधान देणारा, आशादायी असावा. शेवट आधीच ठरलेला म्हणून हा प्रकार हलका, असा आक्षेप टीकाकार नेहमी घेतात. परंतु रहस्यकथेत गुन्हेगार सापडणार हेही वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, आणि तेवढ्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. शेवट ठाऊक असला की लक्ष वाटेकडे जाते. पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासिकेने 2003 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल’ या ग्रंथात या वाटेवरचे आठ टप्पे सांगितले आहेत: नायक-नायिका ज्या समाजात वावरतात त्याचे चित्र, त्यांची भेट, मीलनाच्या आड येणारा अडथळा, परस्परांविषयीची ओढ, प्रेमाचा उच्चार, आता सारे संपले असे वाटायला लावणारा प्रसंग, अडथळा दूर करणारी नवी जाणीव, आणि अखेर वाग्दान. हे टप्पे ठरावीक क्रमानेच येतात असे नाही, पण अडथळा हा कथेचा प्राण होय, आणि अडथळ्यांमध्येही नायिकेचा नकार हा सर्वांत बोलका असतो. जिला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नाही तिच्या ‘हो’ला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून चि. भाचीने प्रत्येक पुस्तक मिटताना स्वतःला विचारावे की या मुलीला नकार देता आला असता काय, आणि दिला असता तर त्याची कोणती किंमत तिला मोजावी लागली असती.

जेन ऑस्टिनच्या 1813 सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ला हा प्रश्न लावून पाहावा. बेनेट कुटुंबात पाच मुली आहेत, आणि त्यांच्या वडिलांची मालमत्ता केवळ पुरुष वारसाकडे जाईल अशी कायदेशीर अट तिच्यावर असल्यामुळे वडिलांच्या पश्चात ती कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातलगाकडे जाणार आहे. हाच कॉलिन्स त्या पाचांपैकी एलिझाबेथला मागणी घालतो आणि ती नकार देते, तेव्हा ती एका कंटाळवाण्या माणसाला तर नाकारतेच, पण त्याबरोबर आईच्या आणि बहिणींच्या डोक्यावरचे छप्परही पणाला लावते. तिची मैत्रीण शार्लट सत्तावीस वर्षांची आहे. ती त्याच कॉलिन्सला होकार देते, आणि ऑस्टिन तिचा उपहास न करता तिचा हिशेब वाचकापुढे ठेवते. पुढे वर्षाला दहा हजार पौंड उत्पन्न असलेल्या डार्सीलाही एलिझाबेथ नाकारते. या कादंबरीत नायकाची परीक्षा होते ती याच ठिकाणी, कारण डार्सी नकारानंतर तिच्या मागे लागत नाही. तो एका पत्रात आपली बाजू मांडतो, आपल्या वागण्याचा विचार करतो, आणि दुसऱ्यांदा विचारताना एका शब्दाने आपल्याला कायमचे गप्प करण्याचा अधिकार तिला देतो. नायकाचे देखणेपण किंवा त्याची श्रीमंती पाहण्याऐवजी तो नकार कसा घेतो हे पाहावे, हा धडा पुढच्या कोणत्याही प्रेमकथेला लावता येतो.

ऑस्टिनच्या आधीचा मासला म्हणजे लंडनमधील मुद्रक सॅम्युअल रिचर्डसन याची 1740 सालची ‘पॅमेला’. तिच्यात पंधरा वर्षांच्या मोलकरणीला तिचा मालक छळतो, कोंडून ठेवतो, ती अखेरपर्यंत दाद देत नाही, आणि तिची पत्रे वाचून पालटलेला तोच मालक शेवटी तिच्याशी लग्न करतो. येथे नकार आहे, पण तो कोंडलेल्या मुलीचा आहे, त्यामुळे अखेरच्या होकाराविषयी वाचकाच्या मनात शंका राहते. याउलट शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मध्ये (1847) ज्याच्याशी लग्न ठरले त्या रॉचेस्टरची पत्नी हयात असल्याचे कळताच जेन जवळ फारसा पैसा नसताना त्याचे घर सोडते, पुढे केवळ कर्तव्य म्हणून लग्न मागणाऱ्या सेंट जॉनलाही नाकारते, आणि काकाकडून आलेल्या वीस हजार पौंडांची भावंडांत समान वाटणी करून, स्वतःच्या पायावर उभी राहून, आपण होऊन रॉचेस्टरकडे परत जाते. ‘जेन एअर’मधील प्रेम खरे वाटते त्यात या पैशाचा आणि या परतण्याच्या मोकळिकीचा वाटा मोठा आहे.

विसाव्या शतकात प्रेमकथेचा कारखाना झाला, आणि त्याचीही माहिती चि. भाचीला असावी. लंडनमध्ये 1908 साली जेरल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी काढलेली प्रकाशनसंस्था आरंभी सर्व प्रकारची पुस्तके छापत असे. पुढे तिने प्रेमकथांवरच भर दिला, आणि 1971 साली कॅनडातील हार्लेक्विन या संस्थेने ती विकत घेतली. ठरावीक पृष्ठसंख्या, ठरावीक मालिका आणि दरमहा नवी पुस्तके या पद्धतीमुळे एक साचा तयार झाला. सत्तरच्या दशकात त्या साच्यात एक दोष शिरला: 1972 सालच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ या अतिशय खपलेल्या कादंबरीत नायकाच्या बळजबरीतून कथा सुरू होते आणि त्या बळजबरीचे पुढे प्रेमात रूपांतर होते. नंतरच्या लेखिकांनी संमतीला मध्यवर्ती स्थान देऊन ही चाल बरीच मागे टाकली. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने 1984 साली प्रसिद्ध झालेल्या ‘रीडिंग द रोमान्स’मध्ये अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील नियमित वाचक स्त्रियांशी बोलून असे दाखवले की, दिवसभर इतरांचे करणाऱ्या त्या गृहिणींना पुस्तक उघडणे म्हणजे ‘आता हा वेळ माझा’ असे घरच्यांना सांगणे वाटत होते. म्हणजे घरकामाला तासाभरासाठी दिलेला नकार वाचनाच्या कृतीतच होता. मात्र त्या तासानंतर घरातील कामाची वाटणी पूर्वीसारखीच राहते, ही रॅडवे यांची दुसरी नोंदही विसरू नये.

आता दुसरा प्रकार. ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणजे साधारणपणे बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी लिहिलेले साहित्य. रोमान्समध्ये दोघे एकत्र येणे हा शेवट असतो, तर या प्रकारात मुलगा किंवा मुलगी स्वतःला ओळखू लागणे हा शेवट असतो, आणि प्रेम त्या वाटेवरचा एक मुक्काम ठरू शकते. मॉरीन डॅली हिच्या 1942 सालच्या ‘सेव्हन्टीन्थ समर’ या कादंबरीची नायिका एका उन्हाळ्यातील प्रेमानंतर कॉलेजसाठी गाव सोडते. एस. ई. हिंटन हिने शाळेत असतानाच लिहिलेल्या आणि 1967 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आउटसायडर्स’ने प्रेमापेक्षा मुलांमधील वर्गभेदावर बोट ठेवले. ज्युडी ब्लूम यांच्या 1975 सालच्या ‘फॉरेव्हर’मध्ये पहिले प्रेम कोणत्याही शिक्षेवाचून किंवा शोकांतिकेवाचून संपते, कारण नायिकेचे मन बदलते; ‘हो’ म्हटल्यानंतरही ‘नाही’ म्हणता येते एवढी साधी गोष्ट सांगणारे हे पुस्तक अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी झाली. त्याच्या शेजारी स्टेफनी मायर यांची 2005 सालची ‘ट्वायलाइट’ ठेवून पाहावी. तिच्यातील नायक सतरा वर्षांच्या नायिकेला नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहतो, आणि कादंबरी याला उत्कट प्रेमाची खूण मानते. ज्या गोष्टीची कल्पनाच नायिकेला नाही तिला नकार देण्याची संधी तिला मिळालेली नसते, हे ध्यानात घेऊन ते प्रकरण वाचावे. आवडले तरी हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून आवडावे.

महाराष्ट्रातील कादंबरीला हाच प्रश्न विचारला तर उत्तर अधिक कठोर मिळते. जेथे मुलीचे लग्न तिला समज येण्यापूर्वीच ठरत होते तेथे मागणी, नकार आणि होकार यांची कथा उभी राहायला जागाच नव्हती. म्हणून बाबा पद्मनजींच्या ‘यमुनापर्यटन’चा (1857) विषय विधवांची दुःखे हा आहे, आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ची यमू बालवधू होते आणि पुढे विधवा होते, तिला कोणी कधी काही विचारतच नाही. ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती त्याच काळात, 1891 साली, मुलींचे संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा झाला आणि तेवढ्यासाठी पुण्यात केवढे वादळ उठले हे इतिहासाच्या पुस्तकांत वाचायला मिळते. पुढे मुली कॉलेजात जाऊ लागल्या, तेव्हा ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांतील सुशिक्षित तरुण-तरुणींच्या प्रेमाला पाय ठेवायला जमीन मिळाली. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (2004) आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलाचे प्रेम रंगवते. ती मोठ्यांसाठी लिहिलेली कादंबरी आहे, तरी कुमारवयाचे इतके प्रामाणिक चित्र मराठीत विरळा, आणि ते प्रेम अपुरे राहते यातच तिचे बळ आहे.

तेव्हा महिन्याची आखणी अशी असावी. पहिल्या आठवड्यात ऑस्टिन आणि ब्राँटी वाचाव्यात, म्हणजे पुढच्या पुस्तकांना मोजमाप मिळेल; दुसऱ्यात आजच्या प्रेमकथा वाचाव्यात, आणि नावडलेले पुस्तक अर्ध्यावर सोडण्यात कमीपणा मानू नये; तिसऱ्यात यंग अ‍ॅडल्ट कादंबऱ्या घ्याव्यात; चौथ्यात हरिभाऊ आणि बोकील वाचून सर्वांत आवडलेले एक पुस्तक पुन्हा वाचावे. प्रत्येक पुस्तकासाठी वहीत एकच पान ठेवून त्यावर नकार कोणी दिला, कोणत्या बळावर दिला आणि त्याचे काय झाले, एवढेच टिपावे.

शेवटी एक गोष्ट वाचनाबाहेरची. कादंबरीतील नायक पुन्हा पुन्हा विचारतो ते वाचकाला गोड वाटते, कारण नायिकेच्या मनात काय आहे हे लेखिकेने वाचकाला आधीच सांगितलेले असते. प्रत्यक्ष जगात दुसऱ्याचे मन असे कोणी उघडून दाखवत नाही, म्हणून तेथे उच्चारलेला शब्दच अंतिम मानावा लागतो. चि. भाचीने कोणाचा नकार ऐकला तर तो शांतपणे स्वीकारावा, आणि स्वतः नकार देण्याची वेळ आली तर तो स्पष्ट शब्दांत द्यावा, त्यासाठी कोणाची क्षमा मागू नये. प्रेमकथा वाचणाऱ्या मुली बिघडतात ही समजूत चुकीची आहे; नकाराला मान देणारी प्रेमकथा आणि नकार पायदळी तुडवणारी प्रेमकथा यांतील भेद ज्या मुलीला कळतो, तिच्या वाचनाविषयी वडीलधाऱ्यांनी निश्चिंत असावे.



शुभेच्छुक,
मावशी