हृदयविकाराचा झटका आणि पहिली घटका

रक्ताभिसरणाचा पाठ शिकविताना हृदय हा स्नायूंचा पंप आहे, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. परंतु सर्व शरीराला रक्त पुरविणारे हे हृदय स्वतः आपल्या कप्प्यांतील रक्तावर जगत नाही, ही गोष्ट बहुधा सांगावयाची राहून जाते. महारोहिणीच्या उगमापाशी फुटणाऱ्या दोन बारीक रोहिण्या हृदयावर पसरून त्याच्या स्नायूंना रक्त पोचवितात. वर्षानुवर्षे त्यांच्या अस्तरात चरबीचा थर साचत जातो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि रक्ताची वाट बंद होते. हाच हृदयविकाराचा झटका होय.

जुन्या कालगणनेत २४ मिनिटांची एक घटका मानीत. वाट पूर्ण बंद झाली म्हणजे साधारणतः एवढ्याच अवधीत हृदयाचे स्नायू कायमचे मरू लागतात व पुढील काही तासांत ही हानी वाढत जाते. मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. त्या जागी केवळ वण उरतो.

वाशिम जिल्ह्यात हा काळाचा हिशेब अधिकच कठीण आहे. मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावरून किंवा रिसोडकडील शेतातून रुग्णास सडकेवर आणावयाचे, वाहन मिळवावयाचे. आणि पुढे अकोल्यास न्यावयाचे ठरल्यास वाशिमपासून तेच अंतर सुमारे ८० किलोमीटर. तथापि अंतराला दोष देण्यापूर्वी घरात काय घडते ते पाहणे इष्ट. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस असतात, घरातील कर्त्या पुरुषाच्या छातीवर दडपण येते, आणि घरची मंडळी त्यास ‘पित्त’ किंवा ‘वात’ म्हणून मोकळी होतात. ओवा दिला जातो, सोडा पाजला जातो, छातीला तेल चोळले जाते आणि सकाळी दवाखान्यात जाऊ असे ठरते. सोडा पिऊन ढेकर आली म्हणजे सर्वांना हायसे वाटते. पण ढेकर हा हृदय निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. प्रवास सुरू होण्यापूर्वीच पहिली घटका, आणि कधीकधी सबंध रात्र, अशी जाते.

दुखणे सहसा सुईसारखे टोचत नाही. छातीच्या मध्यभागी कोणी जड वस्तू ठेवावी किंवा आवळून धरावे, तसे ते वाटते. ते डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात उतरते. थंड घाम, धाप, मळमळ व विलक्षण घाबरेपणा ही त्याची सोबत. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्यात छातीतील कळ अल्प असू शकते. केवळ धाप, घाम व थकवा एवढेच दिसते. म्हणूनच त्यांच्या बाबतीत अधिक फसगत होते.

अशा वेळी रुग्णास चालवू नये, मोटारसायकलवर बसवू नये. पाठीस आधार देऊन बसते करावे, कपडे सैल करावे आणि १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्यास अ‍ॅस्पिरिनचे वावडे, पोटातील व्रण किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल, तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खाण्यास द्यावे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, १७,००० हून अधिक रुग्णांत, या स्वस्त गोळीने मृत्यूचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. जिभेखाली ठेवावयाची गोळी मात्र वैद्यांनी त्या रुग्णास पूर्वी सांगितली नसेल तर देऊ नये. रक्तदाब एकाएकी उतरतो.

रुग्णालयात प्रथम ई.सी.जी. काढतात. पहिला आलेख निर्दोष दिसला तरी कळ चालू असल्यास तो पुन्हा काढावा लागतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक गुण देते. अँजिओप्लास्टीची सोय दूर असेल तेथे याच इंजेक्शनवर भिस्त असते.

रुग्ण बेशुद्ध झाला व त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर त्यास कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटास १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये. थकल्यास दुसऱ्याने जागा घ्यावी.

हा विकार जाणत्यासही सोडीत नाही. मुंबईचे ख्यातनाम हृदयशल्यविशारद डॉ. नितू मांडके यांचे २००३ साली हृदयविकाराच्या झटक्यानेच निधन झाले. वय व आनुवंशिकता बदलता येत नाहीत. तंबाखू, रक्तदाब व मधुमेह यांना आवर घालता येतो. विदर्भात घरोघरी पोचलेला खर्रा धुराविना असल्यामुळे निरुपद्रवी समजला जातो, हा भ्रम आहे. त्यातील निकोटिन नाडीची गती व रक्तदाब दोन्ही वाढविते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि फाटकाबाहेरच्या टपरीकडे प्रथम लक्ष जावयाचे ते शिक्षकांचेच. दिवसाकाठी ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचाभर, मीठ पुरेसे असते. लोणचे, पापड व ठेचा यांतील मीठही त्यातच मोजावयाचे. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास पुन्हा मोजून घेऊन डॉक्टरांस दाखवावे, आणि सुरू झालेली गोळी बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.