परसबागेतील उडणारे कीटक : ओळख व बंदोबस्त

पावसाळ्यास प्रारंभ होऊन वेल मांडवावर चढू लागले, की परसबागेत उडणाऱ्या कीटकांची वर्दळही वाढते. सायंकाळी अंगणात बसावे तर डास फोडून काढतात. भेंडीच्या झाडास हात लागताच पांढरा भुगा उडावा तशा माश्या उठतात. आणि ज्या कारल्याची आठ दिवस वाट पाहिली, ते एका बाजूने पिवळे पडून आतून अळ्यांनी भरलेले निघते. अशा वेळी त्रासलेला गृहस्थ हाताशी असेल ते औषध, पुष्कळदा कपाशीच्या फवारणीतून उरलेले, सर्व झाडांवर सरसकट मारतो. माश्या दोन दिवस नाहीशा होतात व तिसऱ्या दिवशी पुन्हा येतात. औषध मात्र भाजीवर राहते आणि ती भाजी घरातील मुलेमाणसे खातात.

असे का व्हावे? याचे कारण कीटकाच्या जीवनक्रमात आहे. माशी, डास, भुंगेरा यांची उडणारी अवस्था ही त्यांच्या आयुष्यातील अखेरची अवस्था होय. अंडी, अळी व कोष या आधीच्या अवस्था फळात, मातीत, पाण्यात किंवा खताच्या खड्ड्यात गेलेल्या असतात. हवेतील शंभर माश्या मारल्या तरी खालच्या मातीतील कोष तसेच राहतात व त्यांतून नवी पिढी बाहेर पडते. यास्तव उडणाऱ्या कीटकाच्या बंदोबस्ताचे सूत्र एकच आहे : कीटक ओळखावा, त्याचे जन्मस्थान शोधावे आणि उपाय तेथे करावा.

ओळख कशी पटवावी?

भिंग जवळ नसले तरी तीन गोष्टी पाहिल्यास बहुतेक कीटक ओळखता येतात.

(१) पंख किती आहेत? माश्या, डास व चिलटे यांना पंखांची एकच जोडी असते. मधमाशी, गांधीलमाशी व चतुर यांना दोन जोड्या असतात. गांधीलमाशीसारखे पिवळेकाळे पट्टे असूनही पंख दोनच असतील, तर ती डंख करणारी माशी नव्हे.

(२) तो कोठे बसतो? पानाच्या खालच्या बाजूस, कोवळ्या फळावर, फुलात, ओल्या मातीवर की सडक्या फळावर? कीटकाच्या बसण्याच्या जागेवरून त्याच्या भक्ष्याचा व अंडी घालण्याच्या ठिकाणाचा पुष्कळदा अंदाज बांधता येतो.

(३) तो कोणत्या वेळी येतो? पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास दिवसा चावतो, क्युलेक्स रात्री. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर सायंकाळी बाहेर पडतात.

ही ओळख पटल्याशिवाय कोणत्याही औषधास हात लावू नये.

फळमाशी

परसबागेचे सर्वाधिक नुकसान करणारी ही माशी होय. आकाराने ती साधारण घरमाशीएवढी, रंगाने तांबूस-तपकिरी असून अंगावर पिवळ्या खुणा असतात. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी बारीक चिलटे ती ही नव्हेत. चिलटे सडू लागलेल्या फळावर येतात. फळमाशी झाडावरील चांगल्या फळावर येते. हा भेद ध्यानात ठेवावा.

फळमाशीचे दोन मुख्य प्रकार आपल्याकडे आढळतात. एक काकडी, कारली, दोडका, दुधी, पडवळ या वेलवर्गीय भाज्यांवरील, व दुसरा आंबा, पेरू, चिकू या फळांवरील. मादी शेपटाकडील सुईसारख्या अवयवाने फळाच्या सालीखाली अंडी घालते. एकदोन दिवसांत अंडी फुटतात व पांढऱ्या अळ्या गर खाऊ लागतात. फळ वाकडे होते, पिवळे पडते, सडते व गळते. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीत थोड्या खोलीवर कोषात जाते. उबदार हवेत हा सारा क्रम दोनतीन आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे आज वेलाखाली पडू दिलेले एक किडके कारले महिन्याच्या आत मांडवावर नव्या माश्या पाठवते.

अळी फळाच्या आत व कोष मातीत असल्याने वरून मारलेले औषध त्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पुढील उपाय योजावेत.

(अ) किडकी व गळलेली फळे एक दिवसाआड वेचावीत. ती खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. तेथे अळ्यांना कोषात जाण्यास आयतीच जागा मिळते. फळे किमान दोन फूट खोल पुरावीत, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवावीत.

(आ) वेलाखालील व झाडाखालील माती वरचेवर हलकी उकरावी. कोष उघडे पडतात. ऊन, मुंग्या व पक्षी त्यांचा समाचार घेतात.

(इ) फळ लहान असतानाच त्यावर कागदाची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी बांधावी. शेतावर हे काम मोठे वाटेल; परंतु चार वेलांच्या परसबागेत याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

(ई) गंधाचे सापळे टांगावेत. येथे एक चूक वारंवार आढळते. आंबा, पेरू यांवरील माशीसाठी मिथिल युजेनॉल हे आमिष लागते, तर काकडीवर्गीय भाज्यांवरील माशीसाठी क्यू-ल्युअर. कारल्याच्या मांडवावर मिथिल युजेनॉलचा सापळा टांगून माशी सापडत नाही अशी तक्रार करणे व्यर्थ होय. आमिष विकत घेताना पिकाचे नाव सांगून घ्यावे.

मिथिल युजेनॉलचा शोध मोठा मनोरंजक आहे. बिहारमधील पुसा येथे कार्य करणारे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांना १९१२ च्या सुमारास असे दिसून आले, की डासांनी चावू नये म्हणून वापरलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या धाव घेतात, आणि त्या सर्व नर असतात. पुढे या आकर्षणाचे मूळ मिथिल युजेनॉलमध्ये असल्याचे त्यांनी दाखवून दिले. आपल्या वृंदावनातील तुळशीच्या पानांतही हे द्रव्य असते. म्हणूनच पेरूच्या झाडाखाली ठेचलेली तुळशीची पाने ठेवल्यास फळमाशीचे नर त्यांवर येतात. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आंब्यासाठी तयार केलेला ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर आधारलेला आहे. मात्र सापळ्यात केवळ नर सापडतात. आधीच फलित झालेली मादी अंडी घालतच राहते. तेव्हा सापळा हा फळे वेचण्यास पर्याय नव्हे, ती त्याची जोड होय.

फळमाशीचे नुकसान कुंपणापाशी थांबत नाही. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी व अन्य किडी आढळल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा आणि त्याबरोबर कारली, पडवळ, वांगी व अळू यांची आयात बंद केली होती. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, तथापि हंगामाचा तोटा बागाईतदारांना सोसावा लागला. एकाने फळे वेचली व शेजाऱ्याने पेरूचा सडा तसाच ठेवला, तर श्रम वाया जातात. हे काम आळीने किंवा वाडीने मिळून करावयाचे आहे.

पांढरी माशी

भेंडी, टोमॅटो, मिरची व वांगी यांच्या पानांच्या मागे ही अगदी बारीक माशी बसते. झाड हलविताच थवा उठतो व क्षणात परत बसतो. तिची पिले पानास चिकटून रस शोषतात. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. परंतु रस शोषण्यापेक्षा रोगप्रसार हे तिचे मोठे नुकसान आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या करणारा ‘हळद्या’ रोग व टोमॅटोची पाने आकसणारा रोग ती एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. विषाणूची लागण झालेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. असे झाड दिसताच उपटून नष्ट करावे. बी निवडतानाच रोगास तोंड देणारा वाण घ्यावा. मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण याच हेतूने काढला.

पिवळ्या पत्र्यावर किंवा पुठ्ठ्यावर एरंडेल लावून तो झाडांच्या शेंड्याच्या उंचीवर उभा करावा. पिवळ्या रंगाकडे येऊन माश्या चिकटतात. प्रादुर्भाव वाढल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५०० ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, पाणी घालून १० लिटर करावे व २० ग्रॅम साबणचुरा मिसळावा. अर्क त्याच दिवशी वापरावा व पानांच्या खालच्या बाजूस पोहोचेल असा मारावा. वरून शिंपडलेला अर्क माशीस लागतच नाही.

डास

डास पिकाचे नव्हे, माणसाचे शत्रू. परंतु त्यांचे जन्मस्थान बहुधा आपल्या बागेतच असते. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. कुंड्यांखालच्या बशा, उघडा पाण्याचा हौद, टाकलेले टायर, नारळाच्या करवंट्या, बाटलीत लावलेली वेल, झाडाची ढोली ही त्याची ठिकाणे होत. अंड्यापासून डास होण्यास उबदार हवेत सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा, असे आरोग्य खाते सांगते. परंतु पाणी केवळ ओतून देणे पुरेसे नाही. एडिसची अंडी भांड्याच्या आतील कडेस चिकटतात व कोरडी राहूनही काही महिने जिवंत राहतात. म्हणून बशा व हौद घासून धुवावेत. रिकामा न होणारा हौद झाकावा किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत. ढोल्या मातीने बुजवाव्यात. मोरीचे सांडपाणी केळीच्या अथवा अळूच्या वाफ्यास द्यावे. ते मुरेल इतकेच सोडावे, डबके होऊ देऊ नये.

खताचा खड्डा व कुंड्या

घरमाशी, चिलटे व नारळावरील गेंड्या भुंगा या तिघांचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी, खताच्या खड्ड्यात सापडते. स्वयंपाकघरातील ओला कचरा टाकल्यावर त्यावर लगेच मातीचा किंवा पालापाचोळ्याचा थर द्यावा. शेणखताचा खड्डा वरखाली करताना इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्यास त्या वेचून माराव्यात. खड्ड्यात मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मिसळल्यानेही त्या मरतात. कुंड्यांभोवती उडणारी काळी बारीक घुंगुरटी अतिपाण्याची खूण होय. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. बहुधा दुसरा उपाय करावा लागत नाही.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या पंखांच्या वाळवीने घाबरून जाऊ नये. बाहेरचा दिवा तासभर मालवावा. हुमणीचे भुंगेरे मात्र याच दिवसांत कडुनिंब व बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. अंडी घालण्यापूर्वी केलेले हे काम पुढे पिकांची मुळे वाचविते.

हे कीटक मारू नयेत

परसबागेत उडणारे पुष्कळ कीटक आपले साहाय्यक आहेत. चतुर डास खातो व त्याची पिले पाण्यातील डासांच्या अळ्या खातात. फुलापुढे हवेत स्थिर तरंगणारी पट्टेदार सिर्फिड माशी निरुपद्रवी असून तिच्या अळ्या मावा फस्त करतात. भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी एकटी राहते व सहसा माणसाच्या वाटेस जात नाही. गांधीलमाशी आपल्या पिलांना अळ्या भरवते. तिचे पोळे दारात वा मुलांच्या वाटेवर नसेल तर तसेच राहू द्यावे. मधमाश्या व काळे भुंगे नसतील तर काकडी व भोपळ्याचे वेल फुलतील, पण धरणार नाहीत.

फवारणीच्या वेळेविषयीही येथेच सांगणे इष्ट आहे. काकडी, भोपळा व घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात, तर दोडका व दुधी यांची सायंकाळी. निंबोळी अर्क असला तरी उमललेल्या फुलांवर फवारू नये.

रासायनिक औषधांबद्दल

पूर्वी अशा पत्रकांतून डी.डी.टी. व बी.एच.सी.ची भुकटी धुरळण्याची शिफारस असे. अनुभवाने व संशोधनाने ती चूक ठरली. डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ साली बंद करण्यात आला व बी.एच.सी.वर १९९७ साली बंदी आली. घरात पडून असलेली जुनी भुकटी किंवा शेतातील पिकाचे उरलेले औषध परसबागेत कदापि वापरू नये. परसबागेतील भाजी रोज तोडली जाते; औषधाचा अंश निघून जाण्यास जितके दिवस लागतात तितके दिवस ती कोणी थांबवून ठेवीत नाही. हे एकच कारण पुरेसे आहे.

आठवड्याचा क्रम

एक दिवसाआड : किडकी व गळलेली फळे वेचणे, ती पुरणे अथवा उन्हात पिशवीबंद ठेवणे.

आठवड्यातून एकदा : पाण्याची सर्व भांडी रिकामी करून घासणे, भेंडी व टोमॅटोची पाने उलटून पाहणे, वेलाखालील माती उकरणे, सापळे तपासणे.

कचरा टाकाल तेव्हा : खताच्या खड्ड्यावर मातीचा थर देणे.

या कामास आठवड्यातून दोनतीन तासांपेक्षा अधिक वेळ लागत नाही, आणि ते घरातील मुलेही हौसेने करतात. फळे वेचण्याचे व पाने उलटून पाहण्याचे काम मुलांकडे सोपवावे. कोणता कीटक कोठून येतो हे त्यांना त्यातूनच कळू लागेल. येत्या रविवारी प्रथम कुंड्यांखालच्या बशा आणि मांडवाखालची जमीन पाहावी. उपद्रवाचे मूळ बहुधा तेथेच सापडेल.