औषधयोगसंग्रहातील दुवे व आकृती : अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीचा उपयोग

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ३६ व सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. मागे सांगितलेल्या विषयाकडे लक्ष वेधणे हे अतीतावेक्षण, पुढे येणाऱ्या विषयाचा निर्देश करणे हे अनागतावेक्षण. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ३८ व्या अध्यायात ३७ गण सांगितले आणि पुढे चिकित्सेत ‘विदारिगंधादी’ एवढ्या नामोल्लेखावर काम भागविले. संहिता मुखोद्गत असणाऱ्यास तेवढे पुरेसे होते. आज तराजूपाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यापुढे मात्र केवळ योगपत्रक असते. त्यातील निर्देश चुकला तर घटक किंवा मान चुकते आणि संपूर्ण बॅच दूषित होते. म्हणून हा निर्देश योगसंग्रहात निर्दोष कसा ठेवावा, याचा विचार येथे करीत आहोत.

प्रणालीची घडण

डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची प्रणाली सिद्ध केली. तिच्या मूळच्या डीव्हीआय फाइलमध्ये कोणते अक्षर पानावर कोठे बसवावे आणि रेघा कोठे ओढाव्यात, एवढेच नोंदलेले असते. दुवा किंवा चित्र यांची तीत सोय नाही. परंतु कनूथ यांनी ‘स्पेशल’ नावाची एक आज्ञा ठेवली. तिच्यातील मजकुराचा अर्थ टेक् स्वतः लावीत नाही. तो जसाच्या तसा पुढील प्रणालीच्या हाती देते. याच वाटेने प्रथम चित्रे व नंतर दुवे आले. पुढे थेट पीडीएफ देणारी ‘पीडीएफटेक्’ आणि २००४ मध्ये जोनाथन क्यू यांची, युनिकोड देवनागरी सहज हाताळणारी ‘झीटेक्’ उपलब्ध झाली. ‘लाटेक्’मध्ये दुव्यांसाठी ‘हायपररेफ’ व आकृत्यांसाठी ‘टिक्झेड’ हे संच आज प्रचारात आहेत.

दुवा नावाशी जोडावा, पानाशी नव्हे

त्रिफळा गुग्गुळाचे उदाहरण घेऊ. शार्ङ्गधरसंहितेनुसार त्रिफळा ३ पल, पिंपळी १ पल व गुग्गुळ ५ पल. एक पल ४८ ग्रॅम धरता ही माने अनुक्रमे १४४, ४८ व २४० ग्रॅम होतात. या एका योगातून किमान तीन निर्देश निघतात : त्रिफळेचे घटक, गुग्गुळाचे शोधन व मानपरिभाषा. ‘पृष्ठ ४२ पाहा’ असे हाताने लिहिले, तर पुढील आवृत्तीत दोन योग वाढताच निर्देश खोटा ठरतो. लाटेक्मध्ये शोधनाच्या परिच्छेदास ‘लेबल’ आज्ञेने नाव द्यावे व अन्यत्र त्या नावानेच निर्देश करावा. परिच्छेद कोठेही हलवला तरी क्रमांक, पृष्ठ व दुवा आपोआप सुधारतात. यासाठी फाइल किमान दोनदा चालवावी लागते. नाव सापडले नाही तर त्या जागी दोन प्रश्नचिन्हे उमटतात. ती शिल्लक असेपर्यंत प्रत छपाईस देऊ नये.

देवनागरी पीडीएफमध्ये वेलांटी व जोडाक्षरे यांमुळे शब्दशोध पुष्कळदा फसतो. अशा वेळी ‘शोधून घ्या’ म्हणण्यापेक्षा दुवा देणे अधिक भरवशाचे होय.

आकृती मजकुरातूनच काढावी

स्नेहपाकाचे सामान्य मान कल्क १, स्नेह ४ व द्रव १६ भाग असे आहे. मूर्च्छन, कल्क व द्रव यांचे मिश्रण, मंदाग्नीवर पाक, पाकपरीक्षा, गाळणे हा क्रम चौकटी व बाण यांनी दाखवला की नवख्या कर्मचाऱ्यासही तो चटकन उमगतो. पाकपरीक्षेपाशी नस्यासाठी मृदू व अभ्यंगासाठी खर अशा शाखा दाखवता येतात. प्रत्येक चौकटीतील शब्दास संबंधित परिच्छेदाचा दुवाही देता येतो.

ही आकृती वेगळ्या प्रणालीत काढून चित्र म्हणून चिकटवली, तर मान बदलताना ते दोन ठिकाणी बदलावे लागते व एक ठिकाण हमखास राहून जाते. टिक्झेडमध्ये आकृती शब्दांत लिहिलेली असते. मानास एकदा नाव देऊन तेच नाव मजकुरात व आकृतीत वापरावे. मग विसंगतीस जागा उरत नाही. कितीही मोठी केली तरी अशा आकृतीची रेघ फाटत नाही. दोलायंत्रासारख्या साध्या यंत्रांसाठीही ही रीत पुरेशी आहे. वनस्पतींच्या ओळखीसाठी मात्र छायाचित्रच हवे.

छापील प्रतीसंबंधी सावधगिरी

औषधशाळेत भिंतीवर लागते ती छापील प्रत, आणि कागदावर दुवा निर्जीव असतो. हायपररेफची दुव्याभोवतीची चौकट पडद्यावर दिसते, छपाईत उतरत नाही. यास्तव :

१. प्रत्येक महत्त्वाच्या दुव्यापुढे पृष्ठक्रमांक आज्ञेनेच छापावा.

२. मान व मात्रा केवळ दुव्यामागे ठेवू नयेत. त्या जागेवरच लिहाव्यात. शुष्क प्रस्थ ७६८ ग्रॅम, परंतु द्रवद्वैगुण्याने द्रव १५३६ मिलिलिटर होतो. अशा ठिकाणी वाचकास पान उलटावयास लावणे धोक्याचे आहे.

३. संकेतस्थळाचा दुवा कालांतराने तुटतो. सोबत ग्रंथ, स्थान व अध्याय नमूद करावा.

४. प्रत्येक पानावर आवृत्ती व दिनांक असावा, म्हणजे जुनी प्रत ओळखून काढून टाकता येते. औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ‘टी’नुसार ठेवावयाच्या बॅच-नोंदींतही वापरलेल्या आवृत्तीचा उल्लेख करावा.

उपसंहार

एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी व इतरत्र तिचा निर्देश करावा, हे सूत्र आपल्या शास्त्रकारांचेच आहे. संगणक त्या निर्देशाची वाट बिनचूक ठेवतो. परंतु वाटेच्या टोकाशी लिहिलेले मान बरोबर आहे की नाही, हे त्यास कळत नाही. म्हणून छपाईपूर्वी वैद्याने प्रत्येक दुवा स्वतः उघडून, मूळ ग्रंथाशी ताडून पाहावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.