शाळेचा विषय ग्रामसभेत मांडताना

कुरुळी, चिंबळी, निघोजे, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या चाकण पट्ट्यातल्या गावांचं एक वेगळेपण आहे. राज्यात इतरत्र कमी पटाच्या शाळा बंद होतील की काय अशी धास्ती असते; इथे कारखान्यांच्या आधाराने वस्ती वाढते आणि तिच्यामागून शाळेचा पटही. मात्र पटामागून पैसा आपोआप येत नाही. त्यातला निदान काही भाग ग्रामसभेतून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि तिथे शाळेचा विषय बहुतेक वेळा ऐनवेळच्या विषयांत येतो, सगळे माना डोलावतात, आणि रस्ते-गटारांच्या यादीखाली तो दबून जातो. अनुभवाने माझं मत असं झालं आहे की याचं कारण गावाची अनास्था नव्हे. वर्गात बसणारी मुलं एकांची आणि ग्रामसभेत हात वर करणारे दुसरे, हे खरं कारण आहे. ते ओळखल्याशिवाय केलेलं कितीही कळकळीचं भाषण वाया जातं.

जुन्या रहिवाशांपैकी अनेकांची मुलं सकाळी पिवळ्या बसने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची मुलं मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांच्या आईवडिलांचं मत मूळ गावी असतं. अशा सभेत 'गरीब बिचारी मुलं' म्हणून हात पसरला की विषय दयेचा होतो, आणि दयेचा क्रम नेहमी शेवटी लागतो. त्याऐवजी करआकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना 8, समोर ठेवावी. भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा तिच्यात नोंदलेल्या असतात. घरपट्टी मालकाच्या नावावर निघते. पण ती खोलीच्या भाड्यातूनच भरली जाते. म्हणजे भाडेकरू गावाच्या तिजोरीत भर घालतो, फक्त त्याच्या नावाने पावती फाटत नाही. हा मुद्दा नवा नाही. शेतकऱ्यांच्या पैशावर वरच्या वर्गांचं शिक्षण चालतं आणि कर भरणाऱ्याचं पोर मात्र शाळेबाहेर राहतं, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे लेखी मांडली होती. नमुना 8 आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर शेजारी-शेजारी ठेवलं, की मागणी उपकाराची उरत नाही.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: शाळा जिल्हा परिषदेची, मग ग्रामपंचायतीने का द्यायचं? आक्षेप अर्धा खरा आहे. शिक्षकांचा पगार आणि वर्गखोल्यांचा मोठा खर्च ही सरकारचीच जबाबदारी आहे आणि ती सोडून देता कामा नये. पण सरकारी हिशेब कसा चालतो ते गावाला समजावून सांगावं लागतं. शिक्षकांची पदं संचमान्यतेत ठरतात आणि त्यासाठी 30 सप्टेंबरचा पट धरला जातो. कंपनीत कंत्राटावर लागलेला माणूस दिवाळीनंतर कुटुंब घेऊन येतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून त्याच्या मुलाला नाकारता येत नाही, आणि नाकारूही नये. मूल वर्गात येतं, पण त्या वर्षीच्या मोजणीत नसतं; आधारच्या नोंदीत नाव-जन्मतारीख जुळली नाही तर पुढच्या मोजणीतही अडकतं. कायदा पहिली ते पाचवीसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक सांगतो. प्रत्यक्षात व्हरांड्यात पाठीला पाठ लावून दोन वर्ग बसतात, एकाचे पाढे दुसऱ्याच्या कवितेत मिसळतात, आणि खिचडीनंतर ताटं धुवायला एकाच नळावर रांग लागते. वर्षभराचं हे अंतर भरून काढायला गावाशिवाय जवळ कोणी नसतं. नळ, स्वच्छतागृह, टाकी यांसाठी तर आडकाठीही नाही: 15व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. शाळेचं स्वच्छतागृह त्यात बसतं. मागणी त्या चौकटीत घालून मांडली, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यालाही नाही म्हणणं कठीण जातं.

'एवढे कारखाने आहेत, सीएसआरमधून करून घ्या,' हा दुसरा आक्षेप. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चायला सांगतं, आणि तो पैसा जरूर मागावा. पण कंपनी कोणत्या गावात आणि कशावर खर्च करायचा हे स्वतः ठरवते. तिला खोली बांधायला, संगणक द्यायला आवडतं; त्या खोलीचं वीजबिल आणि रोजची सफाई ती वर्षानुवर्षं उचलत नाही. नवी फरशी आणि कोरडा नळ, अशी शाळा नको असेल तर चालू खर्चाची तरतूद गावाने आधी करावी आणि मग कंपनीच्या दारात जावं. महापालिकेत गेल्यावर बघू, असंही कुणी म्हणतं. ती चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तोवर पहिलीतलं मूल सातवीत जातं.

लोकवर्गणीतून सुधारलेल्या वाबळेवाडीच्या शाळेचं उदाहरण लगेच दिलं जातं. खेड तालुक्यातल्याच जालिंदरनगरच्या शाळेला 2025 मध्ये जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला, त्याचंही. दोन्ही शाळांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी लहान वाडीतली लोकवर्गणी कुरुळीसारख्या गावात जशीच्या तशी चालेल असं मानू नये. तिथे वर्गणी देणारा आणि पालक बऱ्याच अंशी एकच असतो. इथे त्या दोघांची गाठ मुद्दाम घालून द्यावी लागते.

ती घालायची जागा शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात 75 टक्के पालक असतात, निम्म्या महिला, आणि सदस्य व्हायला गावात मत असण्याची अट नाही. भाड्याच्या खोलीत राहणारी आई इथे अधिकाराने बोलू शकते. समितीने शाळा विकास आराखडा करून तो ग्रामपंचायतीकडे लेखी पाठवावा, आणि ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत आधी मांडावा. पाण्याचा आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय तिथे लवकर पटतो. जे कुटुंब इथेच स्थिरावलं आहे त्याने मतदार यादीत नाव इकडे आणावं. त्यासाठी घर मालकीचं लागत नाही, नेहमीचं वास्तव्य पुरतं. मूळ गावचं मत सोडायला अनेकजण तयार नसतात, भाऊबंदकी आणि जमिनीची कारणं असतात. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये.

वेळही पाहावी. पंचायतीची निवडणूक तोंडावर असताना शाळा कुठल्या तरी पॅनेलची होऊन बसते. 2 ऑक्टोबरची सभा सगळ्यात सोयीची: 30 सप्टेंबरचा पट ताजा असतो आणि ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारीही त्याच सुमारास सुरू होते. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी संख्या लागते. तेवढी माणसं समितीने स्वतः फिरून आणावीत. ठरावात 'शाळेला सहकार्य करावे' एवढंच लिहू देऊ नये. काम, रक्कम, कोणत्या निधीतून आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे चारही इतिवृत्तात उतरलं आहे ना, हे सही करण्याआधी वाचून पाहावं, आणि प्रत मागून घ्यावी, कारण पुढची ग्रामसभा मागचं इतिवृत्त वाचूनच सुरू होते.