'एल्डन रिंग' घ्यावा का?

प्रश्न : नोकरी सांभाळून रात्री तासभर गेम खेळतो. 'एल्डन रिंग' फार अवघड आहे असं ऐकलं. घेऊ का?

उत्तर : जरूर घ्या, पण त्याचा स्वभाव ओळखून. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा हा गेम २०२२ मध्ये आला. दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचं, तर पुराणकथेचा पाया जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचलेला.

सर्वांत मोठं बलस्थान म्हणजे मोकळीक. सुरुवातीलाच मार्गिट हा बॉस तुम्हाला लोळवेल. तेव्हा हट्ट धरू नका. टॉरेंट घोड्यावर बसून दक्षिणेकडे वीपिंग पेनिन्सुला पालथा घाला, पातळी आणि शस्त्राची ताकद वाढवा, मग परत या. मदतीला आत्मे बोलावता येतात, जादू वापरता येते. त्यामुळे विजय स्वतःच्या हुशारीचा वाटतो.

उणिवाही खऱ्या आहेत. सोपी पातळी निवडण्याची सोय नाही. पात्रांच्या उपकथांची नोंद गेम ठेवत नाही, त्यामुळे धागे हातून सुटतात. उत्तरार्धात तेच ते बॉस पुन्हा भेटतात. पीसीवर वेग ६० फ्रेमच्या पुढे जात नाही.

तुमच्यासाठी महत्त्वाचं : मेनू उघडला तरी लढाई थांबत नाही. म्हणून घरच्यांनी हाक मारण्याची शक्यता असेल तेव्हा बॉसला भिडू नका, भटकंती करा. उपकथांसाठी शेजारी वही ठेवा. कथा सरळ उलगडलेलीच आवडत असेल, तर मात्र 'द विचर ३' निवडा.